कोलोनवाल्यांनी तुला का घेतलं?

इंगोलश्टाट, ९ मार्च २०२५

श्रीरंग,

नमस्कार-चमत्कार राहू देत, मुद्द्याचंच विचारते. कोलोनवाल्यांनी तुला का घेतलं?

काल हॉलमध्ये आपल्या क्लबची क्रिकेट प्रॅक्टिस होती. हॉलची चावी माझ्याकडे असते, म्हणून उघडायला गेले होते. मयुरेश पॅड बांधता बांधता म्हणाला, "वहिनी, श्रीदादा या सीझनला कोलोनकडून खेळणार म्हणे. त्यांच्या पेजवर फोटो आलाय." मी म्हटलं, "हो, माहितीये मला." चक्क खोटं बोलले. मग बाहेर पार्किंगमध्ये जाऊन फोटो पाहिला. लाल टी-शर्ट घालून उभा आहेस, दोन्ही बाजूंना विशी-बाविशीची पोरं. लाल रंग तुला शोभत नाही, हे मी तुला लग्नाआधीच सांगितलं होतं.

पत्र का लिहितेय असं वाटेल तुला. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा दिसतात, आणि त्यानंतर तुझं गप्प बसणंही दिसतं. पत्र तू वाचलंस की नाही हे मला कळणार नाही. तेवढंच सुख.

तर आता क्लबची जुनी चाहती म्हणून बोलते. बायको म्हणून नाही. नऊ वर्षं त्या मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसलेय मी, तेव्हा माझा तेवढा हक्क आहे. तू आता शेहेचाळीस वर्षांचा आहेस. खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता तो अजून पुरता सुटलेला नाही, सीटबेल्ट ओढताना तुझं तोंड वाकडं होतं. तुझी पहिली ओव्हर म्हणजे समोरच्याला दिलेला आहेर, दोन वाइड आणि एक फुलटॉस ठरलेला. त्यांच्याकडे ती दोन पोरं आहेत, बॉल दिसत नाही इतक्या जोरात टाकतात. मग त्यांना तू कशाला हवास?

मला वाटतं ते तुला बॉलिंगसाठी घेत नाहीयेत. आमची गुपितं काढून घ्यायला घेतायत. मयुरेशला छातीवरचा बॉल सोडवत नाही आणि प्रसन्नला ऑफ स्टंपच्या बाहेरचा, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? एकदा का सगळं काढून घेतलं की तुला बाराव्या खेळाडूच्या खुर्चीत बसवतील, पाण्याच्या बाटल्या वाहायला. गरज सरो, वैद्य मरो. सांभाळ.

आणि लागोपाठ दोन वर्षं उन्हाळी करंडकाच्या फायनलला आपल्याला कुणी हरवलं? याच लोकांनी. दुसऱ्या वेळी तू परतताना गाडीत म्हणालास, "या कोलोनवाल्यांचं तोंड बघायचं नाही मला पुन्हा." अन्वी मागच्या सीटवर हसली होती.

आता एक शंका, तीसुद्धा क्लबच्या नियोजनापुरतीच. सीझन सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. तुझं तिथलं प्रोजेक्ट जूनमध्ये संपतंय. मागच्या जुलैत स्टेशनवर तू म्हणाला होतास, "एक वर्ष, मालू. जूनला परत." मग जुलैपासूनच्या मॅचेस इथून जाऊन खेळणार आहेस का? ट्रेनला निदान पाच तास लागतात. खांद्याला झेपेल का?

एवढंच विचारायचं होतं.

मालिनी


इंगोलश्टाट, २२ मार्च

श्रीरंग,

पत्र मिळालं. म्हणजे माझ्या पत्राचं उत्तर नव्हे. तू क्लबला पाठवलेलं मिळालं.

क्लबचा पत्ता कुठला आहे हे तुझ्या लक्षात होतं का रे? क्लब फेराइन, म्हणजे संस्था, म्हणून रजिस्टर करताना पत्ता द्यायला कुणी तयार नव्हतं. प्रसन्नची घरमालकीण खवट, चारुदत्त तेव्हा रूम शेअर करत होता. तू म्हणालास, "आमचा टाका." तेव्हापासून आपल्या लेटरबॉक्सवर दोन नावं आहेत. वर सबनीस, खाली क्लबचं. परवा पेटी उघडली तर सुपरमार्केटच्या जाहिरातींमध्ये तुझं पाकीट. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव बघून मी तिथंच जिन्यात बसले. मला वाटलं, लिहिलंस. एकदाचं लिहिलंस.

उघडलं तर "सन्माननीय महोदया आणि महोदय." महोदय कुणी नाही घरात. महोदया एक आहे, ती जिन्यात बसली होती.

जर्मन मात्र छान लिहिलंयस. इतकं अचूक जर्मन तू कधी लिहायचास? सभासदत्व सोडत असल्याचं कळवलंयस, मुदतीच्या आत. दुसऱ्या परिच्छेदात फ्रायगाबेची विनंती केलीयेस, म्हणजे आम्ही तुला मोकळं केल्याचं पत्र, जे मिळाल्याशिवाय नवीन क्लब तुला उतरवू शकत नाही. शेवटी "इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार." ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं.

तुला पत्ता आठवत होता आणि तरी पाठवलंस, की टाईप करताना हे आपलंच घर आहे हे ध्यानातही आलं नाही? मला दोन्हींचा राग येतो. कुठल्याचा जास्त ते ठरवता येत नाही.

अन्वीनं ते टेबलावर पाहिलं. "मामा, दास इस्ट डोख फॉन पापा," म्हणाली, जर्मन पोरांसारखी मला 'मामा' म्हणत. मी म्हटलं, हो, पपांचंच आहे, क्लबचं काम आहे. तिनं वाचलं आणि परत पाकिटात नीट घालून ठेवलं. पुढं काही बोलली नाही. सोळा वर्षांची झाली, गप्प बसायला कुणाकडून शिकली ते सांगायला नको. मी मराठीत बोलत राहते, ती जर्मनमध्ये उत्तरं देते, आणि तू गेल्यापासून उत्तरंही आखूड झालीयेत.

फ्रायगाबेवर दोन सह्या लागतात. अध्यक्ष म्हणून प्रसन्नची आणि सेक्रेटरी म्हणून माझी. सेक्रेटरी मला तूच केलंस, "मालूचं जर्मन चांगलं आहे, तिला करा" म्हणून. भोग आता.

माझ्या पहिल्या पत्रातल्या शंकेचं उत्तर आलेलं नाही. जूनचं काय?

मालिनी


इंगोलश्टाट, १३ एप्रिल

श्रीरंग,

काल कार्यकारिणीची मीटिंग झाली, आपल्याच डायनिंग टेबलावर. प्रसन्न, मयुरेश, चारुदत्त आणि मी. साबुदाण्याची खिचडी केली होती. तुझ्या खुर्चीवर चारुदत्त बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण उठावं की बसावं ते त्याला कळेना. शेवटी बसून राहिला.

मुद्दा क्रमांक तीन तू होतास. प्रसन्न म्हणाला, "देऊन टाकू या ना सही. आडवं कशाला यायचं?" मयुरेश म्हणाला, "कोलोनवाल्यांना काय सुचलंय कळत नाही. सेमीफायनलला आपल्यासमोर आले तर श्रीदादाच्या चार ओव्हर म्हणजे पन्नास रन्स फिक्स." आणि चारुदत्त तोंडात घास असताना म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! वहिनी, सुंठीवाचून खोकला गेला असं समजा."

सगळे हसले. आता बघ, हेच मी तुला मागच्या महिन्यात लिहिलं होतं, याहून वाईट शब्दांत लिहिलं होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, त्याचा लेग कटर तुमच्यापैकी एकाला तरी वाचता येतो का? नेटमध्ये नऊ वर्षं खेळताय, कोणत्या बोटानं फिरवतो ते सांगा. मागच्या वेळी फायनलपर्यंत गेलात ते कुणाच्या जिवावर? डोक्यावर ऊन असताना एका टोकाकडून कोण टाकत राहिलं होतं? शेजारच्या बाईनं भिंत वाजवली, इतका आवाज चढला होता माझा. मग कुणी खिचडी घेतली नाही. मयुरेश जाताना दारात म्हणाला, "सॉरी, वहिनी." ही पोरं मला अजून वहिनीच म्हणतात. तू नसलास तरी.

सही मात्र मी केली नाही. सांगितलं की क्लबची निळी जर्सी तुझ्याकडे आहे, ती परत आल्याशिवाय नियमात बसत नाही. प्रसन्ननं नियमावली उघडली नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं."

आणि आज सकाळी तुझा फोन आला. जानेवारीनंतर पहिला. स्क्रीनवर तुझं नाव बघून मी भाजी तशीच टाकून हात पुसत बाल्कनीत पळाले, आतला मिक्सरचा आवाज नको म्हणून. तू विचारलंस, "कशी आहेस?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तू म्हणालास, "अगं, ते फ्रायगाबेचं अडकलंय म्हणे. साईन कर ना, मालू. मे महिन्यात मॅचेस सुरू होतायत." जर्सी आजच पाठवतो म्हणालास. मी जूनचं विचारलं. तू म्हणालास, "बघू." मग खांद्याचं विचारलं. "बरा आहे." मग तुझ्या मागून कुणीतरी "काकाऽ" अशी हाक मारली आणि तू घाईनं फोन ठेवलास. तुला काका म्हणणारं कोण आहे तिथं?

भाजी करपली होती. अन्वीनं ती न कुरकुरता खाल्ली. याचं मला जास्त वाईट वाटलं.

मालिनी


इंगोलश्टाट, ४ मे

श्रीरंग,

जर्सी पोचली. धुतलेली, इस्त्री केलेली, बाह्या आत घालून चौकोनी घडी. इस्त्री कुणी केली रे? आपल्या घरात इस्त्री कुठल्या कपाटात आहे हे तुला अखेरपर्यंत माहीत नव्हतं.

सही करून पाठवली आहे. तुला क्लबच्या पाकिटातून मिळेल, त्यात मीसुद्धा "सन्माननीय महोदय" असं लिहिलंय. बरोबरी झाली.

का केली ते सांगते. परवा त्या कागदासमोर पेन घेऊन बसले होते. अन्वी येऊन म्हणाली, "लास इन डोख श्पीलन, मामा." खेळू दे ना त्याला. तिच्या आवाजात काही राग नव्हता. एखादं लहान मूल हट्ट करत असावं आणि मोठ्यानं समजवावं तशी म्हणाली, आणि त्यात लहान मूल मी होते. मला लाज वाटली. शिवाय शेहेचाळिसाव्या वर्षी तुझ्या हातात असे किती सीझन उरलेत? त्यातला एक माझ्या पेनापाशी अडकून वाया जायला नको. मी तुझ्या बॉलिंगला नावं ठेवते, पण ती बघायला मिळणार नाही याचं दुःख मला आहे. होय, आहे.

आता एक सरळ विचारते, आडवळणं पुरे झाली. त्यांच्या पेजवरचे सगळे फोटो मी पाहिलेत. जवळजवळ प्रत्येक फोटोत तुझ्या आसपास एक हिरव्या जॅकेटवाली मुलगी आहे. नाव वैभवी. एका फोटोत ती तुझ्या हातात डबा देतेय आणि तू हसतोयस. दात दिसतील इतकं. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला, शेवटी नुसते ठिपके उरले.

तिच्यामुळे गेलास का? तसं असेल तर सांग. मी आरडाओरडा करणार नाही. मला निदान कळू दे की मी कुणाशी हरले. समोर कोण आहे हे कळलं की माणूस उभं तरी राहतं.

मालिनी


इंगोलश्टाट, ७ जुलै

श्रीरंग,

जून गेला. तू आला नाहीस. कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवल्याचं तू अन्वीला मेसेजवर कळवलंस आणि तिनं मला जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं तसं.

आणि काल उन्हाळी करंडकाची सेमीफायनल, आपण विरुद्ध कोलोन, कोलोनच्या मैदानावर. मी येणार नव्हते. प्रसन्न म्हणाला, "वहिनी, वडे कोण करणार मग?" म्हणून आले, असं मी त्याला सांगितलं. पहाटेपासून बटाटे उकडले, व्हॅनमध्ये पोरांच्या किटबॅगांमध्ये बसून आले. कोलोन जवळ आलं तशी लिपस्टिक लावली आणि मग पुसून टाकली.

पहिली भेटली ती वैभवीच. जॅकेट तेच हिरवं, पोट आठव्या महिन्याचं. त्यांच्या कॅप्टनची बायको. माझ्या हातातला डबा घेत म्हणाली, "अय्या, तुम्ही मालिनीकाकू ना? श्रीकाका म्हणाले होते तुम्ही वडे भारी करता." काका. तूच तो काका. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दोन महिने मी त्या मुलीशी मनातल्या मनात भांडत होते, आणि तिथं कुणी नव्हतंच.

कुणी असती तर बरं झालं असतं रे. तिचे दोष काढता आले असते, तिची वाट लागो म्हणता आलं असतं. नुसत्या रिकाम्या जागेला काय बोलणार?

मी तिच्या नवऱ्याला विचारलं. गेले चार महिने तुला विचारतेय तेच. तुम्ही त्याला का घेतलंत? तो पोरगा बुटाच्या नाड्या बांधत होता, वर बघून म्हणाला, "काकू, फास्ट बोलर आमच्याकडे खूप आहेत. शांत माणूस नव्हता. काका मिड-ऑफला नुसते उभे असले तरी पोरं डोकं ठिकाणावर ठेवतात. ते बोलतच नाहीत ना फारसं."

ते बोलतच नाहीत फारसं! ऐकलंस? माझं घर ज्यानं पोखरलं, त्याच्यासाठी त्यांनी तुला बोलावून घेतलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

मग तू टाकायला आलास. मी आपल्या पोरांच्या बाजूला खुर्ची टाकली होती. एक म्हातारी जर्मन बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थांबली. नेहमीचा प्रश्न, हे बेसबॉल का? मी म्हटलं, नाही, क्रिकेट. तिनं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, यातला तुमचा कोण? माझ्या पाठीमागे आपले बाकीचे निळे बसले होते. मी त्या लाल टी-शर्टवाल्याकडे बोट दाखवलं.

पहिल्या ओव्हरला एकही वाइड नाही. रनअप दोन पावलांनी आखूड केलायस, ते मला लगेच दिसलं, खांद्यासाठी केलायस. मयुरेश हसत हसत स्टान्स घेत होता. पन्नास रन्स काढणार होता ना? आणि मग तो तुझा हळू आलेला बॉल. तो मी कधी पाहिला नव्हता. नऊ वर्षांत कधी नाही टाकलास तू तो. मयुरेशची बॅट फिरून गेली, मग बॉल आला, मग स्टंप पडला. आणि मी उभी राहून ओरडले, "शाब्बास श्री!"

 आपली पोरं माझ्याकडे बघत होती. चारुदत्तनं मान खाली घातली. तू वळलास, माझ्याकडे बघितलंस आणि हात वर केलास. टाळ्या वाजवणाऱ्या कुठल्याही माणसाला करावा तसा.

आपण हरलो ते तुला माहीतच आहे. चहाच्या वेळी तू रांगेत उभा राहिलास, कागदाची प्लेट घेऊन, दोन पोरांच्या मागे. मी वडा वाढला. तू म्हणालास, "छान झालेत वडे. थँक यू, मालिनी."

एकोणीस वर्षांत तू मला थँक यू म्हटलेलं आठवत नाही. "अजून आहेत का?" म्हणायचास. "मीठ कमी आहे" म्हणायचास. परक्या बाईला म्हणतात ते तू मला काल म्हणालास, आणि फार चांगल्या रीतीनं म्हणालास. तिथं मला कळलं. वकील, कॉन्ट्रॅक्ट, जून, कशाचीच गरज नव्हती त्यानंतर.

तरी व्हॅनपाशी तू आलास ते बरं केलंस. तू बोललास त्यातलं मी काही विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवते. तू म्हणालास, "ऑफिसातून आलो की मी खाली गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहायचो, मालू. इंजिन बंद करून. वर यायला पाय उचलायचे नाहीत." मी म्हटलं, मला वाटायचं तू आईंशी फोनवर बोलतोयस. तू म्हणालास, "नाही. नुसता बसायचो." मी विचारलं, माझं काय चुकलं? "तुझं काही चुकलं नाही." मग? "माहीत नाही गं. इथं नाही बसावं लागत तसं." आणि मग, "मी आता इथंच राहणार आहे. रीतसर करून टाकू सगळं. अन्वीला हवं तेव्हा येऊ दे."

चूक सापडली असती तर मी दुरुस्त केली असती. मी काय वाटेल ते दुरुस्त करते, तुला माहीत आहे. हे असं कसं दुरुस्त करायचं?

मग परतीला लागलो. वुर्झबुर्गजवळ मयुरेश मागून म्हणाला, "वहिनी, भारी बॉल होता तो." मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, त्यानं ते पाहिलं असणार. उरलेले वडे त्यानंच पोरांना वाटले.

मालिनी


इंगोलश्टाट, २२ सप्टेंबर

श्रीरंग,

करंडक जिंकलात, अभिनंदन. काल फायनल आम्ही दोघींनी बघितली, अन्वीच्या लॅपटॉपवर. एकच कॅमेरा होता, तोही कुणीतरी झाडाला बांधलेला. कोलोन विरुद्ध ब्राउनश्वाइग. अन्वीनं विचारलं, आपण कुणाच्या बाजूनं? मी म्हटलं, बघू या.

पण तू रनअपच्या टोकाला उभा राहिलास आणि बघू वगैरे काही उरलं नाही. मी सोफ्याच्या काठावर येऊन बसले. शेवटून दुसरी ओव्हर, चौथा बॉल. बॉल सुटला आणि तू उजवा खांदा धरून गुडघ्यावर बसलास. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण मला दिसायची गरज नव्हती. ते दुखणं मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तीन महिने मी तुझे शर्ट तुझ्या अंगात घातलेत.

पोरं धावत आली. एकजण आइसबॉक्स घेऊन आला. आणि मी लॅपटॉपवर ओरडायला लागले. "बर्फ नको रे! बर्फ नाही चालत त्याला! शेक द्या, गरम पिशवीनं शेक द्या!" अन्वी म्हणाली, "मामा, त्यांना ऐकू येत नाहीये." मराठीत म्हणाली. ती मराठीत बोलली हे माझ्या रात्री अंथरुणात लक्षात आलं.

मला राहवेना. वैभवीचा नंबर सेमीफायनलच्या वेळी घेतला होता. तिला लिहिलं: त्याच्या खांद्याला बर्फ लावू देऊ नका, आखडतो. गरम पाण्याची पिशवी लागते. मिळेल का कुठं? लवकर बघा.

तिचं उत्तर लगेच आलं. कुशीत तान्हं बाळ असताना तिनं ते लिहिलं असेल. "काळजी करू नका काकू. काकांनी सांगितलंय सगळ्यांना. पिशवी त्यांच्या बॅगेतच असते, थर्मासमध्ये गरम पाणीही आणतात. आता शेकतायत, बरं वाटतंय म्हणाले."

मी ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग स्क्रीनवर बघितलं, तर कडेला खुर्चीत तू बसला होतास, डाव्या हातानं खांद्यावर काहीतरी लाल धरून. शेजारी कुणी नव्हतं. स्वतःचं स्वतः करत होतास, नीट, घाई न करता. तुम्ही जिंकलात तेव्हा पोरं नाचत तुझ्याकडे आली आणि तू पिशवी बाजूला ठेवून एका हातानं करंडक धरलास.

अन्वीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता शेवटचं. सुट्टीत अन्वी तुझ्याकडे येतेय, तिला स्टेशनवर घ्यायला जा, ती एकटी येईन म्हणेल तरी जा. तिच्याशी बोल. तिथल्या पोरांसारखं नुसतं शेजारी उभं राहून तिला पुरणार नाही. आणि ते वकिलाचे कागद पाठव, मी सही करते. पुढच्या वर्षी सेक्रेटरी मी नसेन, क्लबचा पत्ताही प्रसन्नचा असेल, तेव्हा चुकूनही तुझं पाकीट आता या घरी यायचं नाही.

तू गेल्यापासून मला एकच खात्री होती. आज ना उद्या तुझा खांदा दुखेल, आणि तेव्हा तुझं माझ्यावाचून अडेल. त्या भरवशावर मी सव्वा वर्ष काढलं. काल तुझा खांदा दुखला, आणि तुझं काही अडलं नाही.

मालिनी